दोन जिल्ह्यांतला एकमेव प्रोफेशनल

त्याच्याशी बोलायचं असेल तर दोन्ही हात रिकामे ठेवावे लागत. कधी काय अंगावर येईल याचा नेम नसे. चहाच्या टपरीवर तो टपरीवाल्याशी बोलत असायचा, मान तिकडे, डोळे तिकडे, आणि तुमच्या छातीसमोर भरलेला कप येऊन थांबलेला असायचा. थेंबही सांडलेला नसायचा. पेरू, कुलपाची किल्ली, बसचं तिकीट, एकदा तर शेजारणीचं तीन महिन्यांचं बाळ, सगळं याच पद्धतीने. ज्याला द्यायचं त्याच्याकडे पाहायचं नाही, हा त्याचा नियम.

"पाह्यलं का समोरच्याले समजते," तो म्हणायचा.

"अबे, चहा देऊन राह्यला तू. समजलं त काय होते?"

"सवय मोडते."

बुद्धविहारात त्याचं लग्न झालं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. हार घालायची वेळ आली, तसं याने भन्तेजींकडे पाहिलं, भन्तेजी गोंधळून मागे सरकले, आणि तेवढ्यात हार बरोबर नवरीच्या गळ्यात पडलेला होता. नवरीचे मामा दिवसभर विचारत होते, मुलगा नाराज आहे का म्हणून.

तो बास्केटबॉलमधला गार्ड. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ पाहिलेली माणसं बास्केटबॉल पाहिलेल्या माणसांपेक्षा जास्त आहेत, म्हणून थोडं समजावून सांगतो. संघात पाच जण असतात. साधारणपणे चार ताडमाड आणि एक बुटका. बुटक्याने बॉल खालून वर आणायचा, समोरच्या दोघा-तिघांना चकवायचं आणि उंच माणसाला रिंगजवळ अलगद नेऊन द्यायचा. उंच माणूस तो रिंगमध्ये टाकतो. टाळ्या त्याला मिळतात, पॉइंट त्याच्या नावावर लागतात. बुटक्याने दिला होता हे लिहायला आमच्याकडच्या स्कोअरशीटवर रकानाच नाही.

मी त्या उंचांपैकी एक. सहा फूट दोन इंच. हे माझं आयुष्यातलं कर्तृत्व, आणि तेही आईवडिलांचं.

आम्ही दोघं माजरीचे. एकाच शाळेचे, एकाच कोर्टावरचे. आज मी एका कोळसा कंपनीत कायम नोकरीत आहे, स्टोअरला हेडक्लार्क आणि वरून क्रीडा सचिव. म्हणजे वर्षातून एकदा कॅरमची पावडर मागवतो आणि सव्वीस जानेवारीला संगीत खुर्चीची शिट्टी वाजवतो. तो मात्र प्रोफेशनल झाला. हा शब्द त्याचा. "आपण प्रोफेशनल हावो भाऊ," असं तो कुणालाही सांगायचा. पूर्व विदर्भातल्या जंगलात प्रोफेशनल बास्केटबॉल खेळणारा तो पहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचा.

त्याचं करिअर असं. कुठल्याही गावात स्पर्धा निघाली आणि यजमान संघाला बॉल पुढे नेणारा माणूस नसला, की निरोप भद्रावतीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात यायचा. तिथे तो एरवी बसलेला असे. चाकाचा आउट काढण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. केसाएवढं डुगडुगणारं चाक त्याला लांबून दिसायचं. निरोप आला की तो पान्हा खाली ठेवायचा आणि एस.टी. पकडायचा. पोलिसांकडून खेळला, वनखात्याकडून खेळला, एका शिक्षक संघाकडून मुख्याध्यापक म्हणून खेळला. सिरोंच्याला तेलुगू बोलणाऱ्या संघात दोन दिवस एक अक्षर न कळता खेळला आणि म्हणाला, "सगळ्यात चांगली टीम. कोणी सल्ला देल्ला तरी मले समजत नव्हता." त्याच्या ट्रंकेत इतक्या संघांचे टी-शर्ट होते, की त्याच्या बायकोला पोछ्याचं फडकं कधी विकत आणावं लागलं नाही.

प्रोफेशनल माणसाची शिस्त वेगळी. तो स्वतःची हवा भरायची सुई घेऊन फिरायचा आणि एक गाठ मारलेली दोरी. दोरी रिंगची उंची मोजायला. मुलचेऱ्याकडे निर्वासितांच्या एका बंगाली गावात आम्ही दोघं एकदा पाहुणे खेळाडू म्हणून गेलो होतो. मॅचची वेळ झाली, गावातले दोनशे-तीनशे लोक बांबूच्या कठड्याला टेकून उभे, आणि याने दोरी काढली. रिंग वीतभर खाली.

"रिंग खाली हाय. मी खेळत नाई."

स्पर्धा भरवणारे बंगाली दादा धावत आले. "दादा, रिंग तो ठीक है. मैं खुद नाप के लगाया. इस साल मुरूम डाला ना, तो ज़मीन ऊपर आ गया."

कुणीही दुसरा हसून खेळायला लागला असता. हा दादांकडे पाहत म्हणाला, "मंग जमीन खाली घ्या," आणि बघतो तर त्याच्या हातातली दोरी माझ्या हातात. दोन्ही संघांनी मिळून, फावडी आणून, रिंगखालचा मुरूम वीतभर उपसला. मॅच तीन तास उशिरा सुरू झाली. त्या खड्ड्यात पाय मुरगळून आमचेच दोघं बाहेर बसले आणि आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये तो अतिशय समाधानात होता. "पण हाइट बरोबर होती," म्हणाला.

असा माणूस. नियमाचा कागद असला की संपलं. कागदावर दहा फूट लिहिलंय ना, मग जमीन खोटी.

हे सगळं मी गंमत म्हणून गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो आहे. रंगवून सांगतो, लोक हसतात. पण त्याच्या करिअरचा पाया कुणी घातला, हे मी सांगत नसे. तो मी घातला. सांगायला हवं होतं. चांगली गोष्ट आहे, तिच्यातही हसण्यासारखं पुष्कळ आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी कंपनीत खेळाडू कोट्यातून भरती निघाली. शेवटी आम्ही दोघंच उरलो आणि जागा एक. निर्णय एका मॅचवर होणार होता आणि पाहायला मुख्य कार्यालयातून एक साहेब येणार होते. बास्केटबॉलचे तज्ज्ञ म्हणून त्यांना पाठवलं होतं. ते पूर्वी खात्यांतर्गत स्पर्धेत पत्त्यांतला ब्रिज खेळले होते.

माझं लग्न तेव्हा ठरत आलेलं होतं आणि अडलेलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगा परमनंट झाला का तारीख काढू." हे त्याला माहीत होतं. मॅचच्या आधी बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "आज तू मार. मी देतो. तुह्यं लगन अडून हाय."

"अन् तुह्यं काय?"

"मले त घेतेच ना बे. गार्ड कोणी सोडते काय?"

हा त्याचा खेळाच्या बाहेरच्या जगाबद्दलचा अंदाज.

त्या दिवशी त्याने मला जे बॉल दिले तसे मला पुन्हा कधी मिळाले नाहीत. मी धावायचो, हात वर करायचो, बॉल हातात असायचा. समोरचे दोघं तो जिकडे पाहत होता तिकडे झेपावायचे आणि मी रिंगखाली एकटा उभा. मी एकतीस पॉइंट केले. त्याच्या नावावर दोन. तेही मी पडलो होतो आणि द्यायला कुणी नव्हतं म्हणून.

मॅचनंतर साहेबांसाठी तर्री-पोहे होते. त्यांनी मला बोलावलं, पाठ थोपटली, आणि रुमालाने तोंड पुसत विचारलं, "तो बुटका मुलगा. बॉल टाकतो एकीकडे, बघतो भलतीकडेच. तिरळा आहे का हो तो?"

मला हसू आलं. खरंच आलं. हे मी माझ्या बाजूने नमूद करतो, कारण माझ्या बाजूने नमूद करण्यासारखं दुसरं काही नाही. मी हसून सांगणार होतो, की नाही सर, ही तर त्याची कला आहे, या दोन जिल्ह्यांत असा गार्ड नाही. वाक्य तयार होतं. आणि तोंडातून निघालं ते असं:

"हो सर. लहानपणापासून आहे."

"अरेरे," साहेब म्हणाले. "आपलं काम खाणीतलं. डोळा तर पाहिजे." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी त्याला जवळ बोलावून तोंडाकडे एकदा पाहिलं असतं तरी कळलं असतं. तो वीस पावलांवर उभा होता, बॉल पुसत. पण साहेबांची जीप सुरू होती आणि ड्रायव्हरचं डिझेल जळत होतं.

महिन्याभराने मला बोलावणं आलं आणि त्याला पत्र आलं. दृष्टीच्या कारणास्तव आपल्या नावाचा विचार करता येत नाही. त्याला डोळे तपासायलासुद्धा कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं, हा चिडेल, कचेरीत जाऊन भांडेल, खरं काय ते बाहेर येईल, आणि माझ्या मनावरचं ओझं आपोआप उतरेल. माझी ओझी नेहमी दुसऱ्याने उतरवावीत अशी माझी अपेक्षा असते.

तो चिडला नाही. पत्र घेऊन माझ्याकडे आला, दोनदा वाचून दाखवलं आणि काळजीने म्हणाला, "मले त सगळं दिसते. पण येवढी मोठी कंपनी, उगीच लिहीन काय? असल कुठी त आत."

आणि तो ते शोधायला लागला.

आमच्या भागात डोळ्यांची मोफत शिबिरं पुष्कळ होतात. वरोऱ्यापासून अहेरीपर्यंत कुठेही शिबिर असो, म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत हा ट्रॅकसूट घालून उभा. डोळ्यांसमोर तक्ता धरला की तो वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवायचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. सगळ्यात खालची ओळ झाली, की विचारायचा, "खाली छापखान्याचं नाव हाय. ते वाचू का?" डॉक्टर म्हणायचे, डोळे उत्तम आहेत. हा खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्र काढायचा. "अजून एकदा पाहा साहेब. कंपनीनं लिहून देल्लं हाय."

लोक हसायचे. दुकानात त्याला सगळे 'शिबिरवाले' म्हणायचे. मीही म्हणायचो.

भद्रावतीच्या एका शिबिरात मी त्याच्यासोबत होतो. मी कंपनीतर्फे टेबल-खुर्च्या पुरवायला गेलो होतो. क्रीडा सचिवाची ती एक मोठी जबाबदारी. डॉक्टरीण तरुण होती. तिने त्याचे डोळे दिवा मारून पाहिले, औषध घालून पाहिले आणि म्हणाली, "काका, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. कशाला दर वेळी येता?"

"नाई बाई, नीट पाहा. तुमची मशीन लहान असल." मग माझ्याकडे वळून, "तू सांग ना यायले. तू होता ना तिथी त्या टाइमले."

डॉक्टरीण माझ्याकडे पाहू लागली. रांगेतल्या म्हाताऱ्याही पाहू लागल्या. देवाने मला दुसरी संधी दिली होती, तीही साक्षीदारांसह.

"कंपनीचं पत्र आहे खरं, डॉक्टर," मी म्हणालो.

तिने हताशपणे त्याला डोळ्यांत घालायचे साधे थेंब दिले. ते तो वर्षभर नेमाने घालत राहिला.

त्या पत्रापायी तो मोटरसायकल शिकला नाही. "डिफेक्टवाल्या माणसानं चालवू नाई. आपलं जाऊ दे, समोरच्याचं काय?" एस.टी.त चालकांची भरती निघाली तेव्हा त्याच्या मेव्हण्याने फॉर्म आणून दिला, तो त्याने परत केला. मी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून फिरवायचो आणि ते मला प्रायश्चित्त वाटायचं. स्वस्त होतं. पेट्रोलही कंपनीचं.

एकदाच त्याच्या करिअरमध्ये मोठी गोष्ट घडली. एका मोठ्या शहरात खासगी लीग निघाली. संघांची नावं जनावरांवरून. त्याला ज्या संघाने घेतलं त्यांचं नाव वाघावरून होतं; त्या शहरात वाघ फक्त टी-शर्टावर असतात. निवड चाचणीत त्याने विशीतल्या पोरांना असे बॉल दिले, की तिथल्या तिथे करार झाला. तेव्हा तो अडतिसाच्या पुढे होता. भद्रावतीच्या बस स्टँडवर आम्ही त्याला हार घातले. मी सगळ्यात मोठा हार आणला होता.

पहिल्या दिवशी सरावाला गेल्यावर त्याने काय करावं? प्रशिक्षकासमोर ते पत्र ठेवलं. "सर, पहले से बता देता हूँ. आँख में डिफेक्ट है. बाद में धोखा नहीं बोलने का."

प्रशिक्षकाने विम्यावाल्यांना विचारलं, विम्यावाल्यांनी वकिलांना विचारलं, आणि अख्ख्या मोसमात त्याला अकरा मिनिटं कोर्टावर सोडलं. बाकी वेळ तो बाकावर बसून बाजूच्याला न पाहता पाण्याच्या बाटल्या देत होता. मोसम संपला, लीगही संपली, आणि तो ट्रंकेत आणखी एक टी-शर्ट घेऊन परत आला.

"अकरा मिनिटं काय कमी झाले?" तो मला म्हणाला. "टीव्हीवर होतो ना."

तो उतरला ती मॅच आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिली होती. माझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मी मध्येच उठून पाण्याची टाकी भरली का ते पाहायला गेलो. ती सकाळीच भरलेली होती.

मग गुडघा गेला आणि करिअर थांबलं. सायकली कमी झाल्या, दुकानही दिवसाआड उघडू लागलं. त्याची बायको अंगणवाडीत होती, तिच्यावर घर चालायचं. तो कोर्टाच्या कडेला उभा राहून कुणी विचारलं तर सांगायचा. न विचारताही सांगायचा.

गेल्या वर्षी गडचिरोलीत एक क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. बास्केटबॉल शिकवायला माणूस हवा होता. कराराची जागा, पण खोली मिळणार, पगार मिळणार, आणि शिकायला आतल्या गावांतल्या गोंड मुली. वयाची एक्कावन्न वर्षं झालेल्या माणसाला याहून चांगलं काही येणार नव्हतं, आणि याच्यानंतर काहीच येणार नव्हतं. अनुभवाच्या दाखल्यावर क्रीडा सचिवाची सही चालत होती. म्हणून रविवारी सकाळी तो फॉर्म घेऊन माझ्या क्वार्टरवर आला.

आम्ही व्हरांड्यात बसलो. तो एकेक रकाना मोठ्याने वाचत भरत होता. नाव, पत्ता, शिक्षण. अनुभवाच्या जागेत त्याने 'प्रोफेशनल' एवढाच शब्द लिहिला. मग थांबला.

"यापूर्वी कोणत्याही संस्थेने आपणास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरविले आहे काय? असल्यास कारण." पेन टेकवत म्हणाला, "होय."

"लिहू नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"घेणार नाहीत तुला. लीगमध्ये काय झालं ते पाहिलं ना?"

"मंग खोटं लिहू? पोरींले शिकवायचं हाय भाऊ, अन् सुरुवातच खोट्यानं?"

पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. 'होय'मधल्या 'हो'चा काना काढून झाला होता. मी आजपर्यंत कधी वेळेवर उडी मारली नव्हती. हातात बॉल आल्यावरच मारायचो. त्या दिवशी मारली.

"तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. त्या साहेबांनी मला विचारलं, आणि मी हो म्हणालो."

त्याला कळायला वेळ लागला. मी साहेब, पोहे, जीप, सगळं सांगितलं. तो एखादा डाव समजून घ्यावा तसा ऐकत होता.

"काय शब्द होते?" त्याने विचारलं.

"कुणाचे?"

"तुह्ये. जसेच्या तसे सांग."

"'हो सर. लहानपणापासून आहे.'"

"त्यानं विचारलं होतं काय, कधीपासून हाय म्हणून?"

"नाही."

"मंग लहानपणापासून हे तू मनानं जोडलं."

"हो."

त्याने पेनाला टोपण लावलं. मी रडण्याच्या बेतात होतो, आणि खरं सांगायचं तर तो मला थोपटेल याची वाट पाहत होतो.

"वहिनीले मालूम हाय?"

"नाही."

"बोलव तिले."

"अरे, तिचा काय संबंध..."

"वहिनी!" त्याने स्वतःच हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "वहिनी, हा काय म्हणते आयका. मले एकट्याले सांगून चालत नाई."

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त वाईट ऐकू आलं. पहिल्यांदा मी 'माझ्या तोंडून निघून गेलं' असं म्हणालो होतो. तिच्यासमोर तसं म्हणता आलं नाही. ती उभीच होती. माझं संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला विचारलं,

"भाऊजी, त्या दिवशी बॉल तुमीच देऊन राह्यले होते ना यायले?"

"हो."

"स्वतः काऊन नाई मारले?"

त्याने मान खाली घातली. जणू चोरी त्याची होती. "तुमचं लगन अडून होतं ना, वहिनी."

तिने पदराला हात पुसले. टेबलावरचा फॉर्म उचलला, वाचला आणि माझ्यासमोर ठेवला.

"लिहा."

"काय लिहू?"

"कारण विचारलं हाय ना त्याच्यात? आत्ता बोलले ते लिहा. सही करा, हुद्दा टाका, शिक्का मारा."

"अगं, आठ-नऊ वर्षं राहिली आहेत माझी. कंपनीपर्यंत गेलं तर नोकरी जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमची कुठी होती?"

मी लिहिलं. हात थरथरत होता असं सांगायला आवडलं असतं, पण पंचवीस वर्षं कारकुनी केलेला हात. अक्षर सुरेख आलं. 'सदर उमेदवाराच्या दृष्टीत कोणताही दोष नव्हता. दोष असल्याची खोटी माहिती मी दिली होती.' सही, हुद्दा, शिक्का. त्याने कागद घेऊन दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

"भाऊजी, जेवून जा," बायको म्हणाली.

"आज नाई, वहिनी. येईन कधी. हा ड्यूटीवर असन तवा."

मी मोटरसायकलची किल्ली घेऊन मागे धावलो. तो बसने जाईन म्हणाला.

त्याला ती जागा मिळाली. प्रबोधिनीच्या लोकांनी त्याचे डोळे तपासले, फॉर्म पाहिला आणि मग फॉर्मची एक प्रत सभ्यपणे माझ्या कंपनीकडे पाठवली. कंपनीने माझ्याकडे खुलासा मागितला. मी दिला. खुलाशावर खुलासा, मग चौकशी, असं चालू आहे. चौकशी अधिकारी तरुण आहे. त्याला सगळ्यात अवघड वाटते ती गोष्ट वेगळीच. "पण तुम्ही स्वतःहून लिहून का दिलंत?" असं तो दर तारखेला विचारतो. बायकोने लिहायला लावलं, हे खरं उत्तर तो नोंदवायला तयार नाही.

तो सुट्टीला भद्रावतीला येतो. बोलल्याप्रमाणे घरीही येतो, मी ड्यूटीवर असताना. संध्याकाळी मी घरी आलो की बायको सांगते, "भाऊजी येऊन गेले." कधी गडचिरोलीचे मोहाचे लाडू असतात डब्यात, कधी चारोळ्या.

पहिल्या वेळी मी हिंमत करून विचारलं होतं, काय म्हणत होता माझ्याबद्दल?

"पोरींबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले," ती डबा फडताळात ठेवत म्हणाली. "तुमच्याबद्दल काईच नाई."